स्वस्त डबीची लाज कसली?

आज दुपारी भाच्याचा फोन आला. आवाज पार पडलेला. मला वाटलं, गाडी ठोकली. तसं काही नव्हतं. पोराने आयुष्यातली पहिली गाडी घेतलीय, सेकंडहँड, गडद निळी. तिला स्वतःच्या हाताने वॅक्स करायचं म्हणून हा एका गाड्या चमकवणाऱ्या दुकानात गेला, बजेट सांगितलं आणि साधी कार्नोबा वॅक्सची, म्हणजे झाडापासून मिळणाऱ्या मेणाची, डबी मागितली. काउंटरवरचा माणूस हसला म्हणे. "एवढ्यात बूटपॉलिश येईल." मागे उभे असलेले दोघेही हसले. पोरगं रिकाम्या हाताने परत आलं आणि मला विचारतंय, "मामा, स्वस्त वॅक्सने रंग खरंच खराब होतो का?"

तेव्हापासून माझं डोकं फिरलंय.

नाही होत रे बाबा. रंग खराब होतो तो मळक्या फडक्याने, न धुतलेल्या गाडीवर हात फिरवल्याने, पक्ष्याची घाण आठवडाभर तशीच राहू दिल्याने. स्वस्त मेणाने आजवर कुणाच्या गाडीचं वाटोळं झालेलं मी पाहिलेलं नाही. पाहिलंय ते एवढंच की महाग डबी घेऊन माणूस गाढवपणा करतो. कारण तो गाढव मीच होतो.

बॉनेटवरच्या टेपची गोष्ट. जुन्या मित्रांनी दहा वेळा ऐकलीय, त्यांनी पुढे सरकावं. नोकरी लागल्यावर बाबांच्या मरून गाडीसाठी मी एक वॅक्स आणलं होतं. काचेची बरणी, जड झाकण, आत सुगंध, आणि किंमत अशी की आईला खोटी सांगितली. बाबांकडे त्यांची नेहमीची पत्र्याची डबी. झाकणाला पोचा आलेला, नाणं घालून पिळल्याशिवाय उघडायची नाही. मी त्या डबीला नाकं मुरडली. बाबा काही बोलले नाहीत. आत गेले, मास्किंग टेप घेऊन आले आणि बॉनेटच्या बरोबर मधोमध उभी पट्टी मारली. "ही बाजू तुझी, ही माझी."

मी उन्हात, तापलेल्या पत्र्यावर, लिंपण करावं तसं ते वॅक्स थापलं. महागाचं आहे, तर भरपूर लावू या, हे माझं लॉजिक. दहा मिनिटांत त्याचं असं काही दगडासारखं झालं की फडकं फिरवून फिरवून मनगट गेलं. बाबा खुर्चीत बसून बघत होते. शेवटी म्हणाले, "धू सगळं. संध्याकाळी सावलीत लावू."

आता त्या हसणाऱ्या शहाण्यासाठी थोडं ज्ञान. कार्नोबा म्हणजे ब्राझीलच्या ईशान्येकडचं ताडाच्या जातीतलं झाड. सेआरा, पियाउई हा कोरडा पट्टा. पानातलं पाणी उडू नये म्हणून झाडच पानांवर मेणाचा थर धरतं. पानं तोडतात, वाळवतात, झोडपतात, आणि जी भुकटी पडते ती वितळवून गाळतात. कोवळ्या, न उघडलेल्या पानाचं मेण फिकट पिवळं, ती वरची प्रत. जुन्या पानाचं काळपट. 1935 साली हर्बर्ट जॉन्सन नावाचा अमेरिकन मेणवाला पाण्यावर आणि जमिनीवर दोन्हीकडे उतरणारं विमान घेऊन या झाडांच्या मागावर ब्राझीलला गेला होता, इतकं हे मेण कामाचं. औषधाच्या चकचकीत गोळ्यांवर बऱ्याचदा हेच असतं, खाण्याच्या पदार्थांत त्याचा नंबर ई 903. म्हणजे तुमच्या पोटात चालतं आणि गाडीवर चालायला मात्र बरणी काचेचीच पाहिजे!

आणि हे मेण टणक असतं, राजे हो. मधमाशीचं मेण 62 ते 64 अंशांना वितळतं, कार्नोबाला 82 ते 86 लागतात. नुसतं कार्नोबा घेऊन गाडीवर घासायला जाल तर विटेचा तुकडा घासल्यासारखं होईल. ते पसरण्यासाठी त्यात सॉल्व्हंट (मेण विरघळवणारं द्रव), तेलं, मऊ मेणं असं काहीतरी घालावंच लागतं. म्हणून डबीवर "100 टक्के शुद्ध कार्नोबा" लिहिलेलं असतं, तेव्हा अख्खी डबी कार्नोबाची आहे असा त्याचा अर्थ नसतो. आत जेवढं कार्नोबा आहे तेवढं शुद्ध आहे, बस. म्हणजे पाणी घातलेल्या दुधावर "यातलं दूध शुद्ध आहे" असं लिहिण्यापैकी. या एका ओळीवर लोक पाचपट पैसे मोजतात, आणि जो मोजत नाही त्याला हसतात. संताप येतो.

असो. बॉनेट. संध्याकाळी बाबांनी मला लावायला शिकवलं. आधी गाडी धुतली, पुसली. मग एक पातळ प्लास्टिकची पिशवी हातात चढवून दारावरून हात फिरवायला लावला. तुम्ही करून बघा हे. नुसत्या बोटांना जो रंग काचेसारखा गुळगुळीत लागतो, तोच पिशवीतून रव्यासारखा लागतो. धुऊनही न निघालेला बारीक कचरा तो. त्यासाठी क्ले बार, म्हणजे कचरा ओढून घेणारी मऊ मातीसारखी वडी, भरपूर ओलं करून, हलक्या हाताने. मग फोमच्या तुकड्यावर वॅक्सचा नखाएवढा ठिपका, आणि तो ठिपका एवढा पसरायचा, एवढा पसरायचा की लावलंय की नाही अशी शंका यावी. पांढुरकी साय धरली की एका कोपऱ्यात बोट ओढायचं. रेघ स्वच्छ उमटली तर पुसायला घ्या, चिकट पसरली तर थांबा. "पाट्या टाकू नकोस," एवढंच मधून मधून.

दुसऱ्या दिवशी सकाळी टेप काढायच्या आधी बाबा येणाऱ्याजाणाऱ्याला विचारत सुटले, "कुठली बाजू भारी?" एकाने माझी सांगितली, दोघांनी बाबांची. शेजारच्या काकू बराच वेळ वाकून बघत होत्या. मग म्हणाल्या, "मधे पट्टी का मारलीय? काही तुटलंय का?"

परीक्षा तिथेच संपली होती खरं तर.

बरं, प्रामाणिकपणे सांगायचं तर सावलीत पातळ लावल्यावर माझं महागडं वॅक्स पुसताना लोण्यासारखं निघालं, बाबांच्या बाजूला थोडा जोर लागला. आणि हो, सिरॅमिक कोटिंग (रंगावर घट्ट बसणारा रासायनिक थर) कार्नोबापेक्षा कितीतरी जास्त टिकतं, मान्य. कार्नोबा काही आठवडे, फार तर दोनतीन महिने. ज्याला वर्षभर गाडीकडे बघायचंच नाही त्याने खुशाल कोटिंग करून घ्यावं. पण ज्याला रविवारी दोन तास गाडीपाशी घालवायचेत त्याला तुम्ही कशाला अडवता?

कमेंटमध्ये "मग कुठलं घेऊ" विचारणार, माहितीय. ब्रँड सांगणार नाही, भांडणं होतात. पेस्ट घ्या, लहानात लहान डबी घ्या. नखाएवढं लावायचंय तर मोठी डबी वाळूनच जाईल. घाईचे असाल तर लिक्विड घ्या, मी हसणार नाही. डबीवर "क्लीनर वॅक्स" लिहिलंय का तेवढं वाचा. त्यात मळ काढणारी द्रव्यं, बऱ्याचदा बारीक घासणारे कणही असतात. जुन्या, निस्तेज रंगावर ते एकदा ठीक, नव्या रंगावर दर महिन्याला नको. रंगावरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, साधारण 40-50 मायक्रॉनचा, केसाहून पातळ. तो घासून संपला की कुठलीच डबी तो परत आणत नाही. आणि ओरखडे वॅक्सने जातात असं जो सांगेल त्याच्याकडून काहीच घेऊ नका. ओरखडे जातात पॉलिशने, म्हणजे रंग घासून. वॅक्स फक्त वर बसतं. मॅट रंगाची गाडी असेल तर या भानगडीत पडूच नका. काळ्या प्लास्टिकला लागू देऊ नका, पांढरे डाग धरतात, मग टूथब्रश घेऊन बसा. भांड्यांच्या साबणाने गाडी धुऊ नका, केलेलं वॅक्स लवकर उतरेल. वाचलेल्या पैशातून चांगली मायक्रोफायबर फडकी घ्या, चारपाच. कंजुषी करायचीच तर डबीत करा, फडक्यात नको. एवढं तो काउंटरवाला सांगू शकला असता ना? दोन मिनिटांचं काम. त्याऐवजी हसला.

लिहिता लिहिता राग जरा उतरलाय. त्यालाही वरून टार्गेट असेल, महाग बरण्या खपवायच्या असतील. असेल. तरी हसायचं नव्हतं त्याने.

त्या बॉनेटचं पुढे काय झालं ते सांगायचं राहिलं. महिनाभराने जोराचा पाऊस झाला. मी आणि बाबा छत्री घेऊन बाहेर, कुठल्या बाजूचं पाणी अजून मण्यांसारखं उभं राहतंय ते बघायला. डावीकडे मणी गोल, टपोरे. उजवीकडे थोडे बसके, पसरट. फरक दिसत होता, खोटं कशाला बोलू. मी म्हटलं, "बघा, माझं जिंकलं." बाबा म्हणाले, "डावी बाजू माझी होती." मी म्हटलं, नाही, माझी. ते म्हणाले, माझी. टेप तर कधीच फेकून दिलेली. पंधरा मिनिटं आम्ही भर पावसात भांडलो, मग दोघांच्याही लक्षात आलं की कुणालाच खात्रीने आठवत नाहीये. आई दारातून ओरडत होती.

आजही आमचं त्यावर एकमत नाही. बरणी केव्हाच संपली. पत्र्याची डबी आहे, तशीच दुसरी, बाबांनी नंतर घेतलेली, तळाला थोडं उरलंय.

भाच्याला उलटा फोन केला. म्हटलं, रविवारी सकाळी ऊन चढायच्या आत गाडी घेऊन ये, डबी विकत घेऊ नकोस, फडकी तेवढी नवी आण. बाबांना सांगितलं. त्यांचा उजवा खांदा आता वर जात नाही. म्हणाले, "छत तो करेल. मी डबी धरतो." मग जरा वेळाने आतून आवाज आला, "टेप आहे का रे घरात?"