धर्म सरकारजमा कसा करावा?

देश मुस्लिमबहुल आहे, सत्ता नुकतीच हाती आली आहे आणि धर्म राज्यकारभारातून बाहेर काढायची घाई झाली आहे? मग तुर्कस्तानचा कित्ता गिरवा. धर्म बाहेर काढायचा म्हणजे आधी त्याचे सरकारी खाते उघडायचे. 3 मार्च 1924 ला अंकाराने खिलाफत बरखास्त केली आणि त्याच दिवशी ‘दियानेत’ हे धर्मकारभाराचे सरकारी खाते काढले. (खिलाफत वाचवायला इकडे वर्गण्या गोळा करणाऱ्यांना कुणी विचारले नाही. भायखळ्याचे खिलाफत हाऊस तेवढे अजून उभे आहे.) इमामाला पुढेमागे पगारावर घ्या. बदली आणि पेन्शन मागे लागले की माणूस खुतब्यात (शुक्रवारच्या प्रवचनात) वाकडे बोलत नाही.

मग लोकांच्या डोक्याला हात घाला. नोव्हेंबर 1925 च्या कायद्याने फेज टोपी गेली, हॅट आली. फेजला काठ नसतो, त्यामुळे नमाजातल्या सिजद्यात कपाळ जमिनीला टेकते. हॅटचा काठ आडवा येतो. लोकांनी साधी कॅप घेतली आणि नमाजापुरते तिचे तोंड मागे फिरवले. पळवाट काढणारच, तुम्ही जरब बसवा. हॅटविरुद्ध पुस्तिका लिहिणारे धर्मपंडित आतिफ होजा फेब्रुवारी 1926 मध्ये फासावर गेले. पुस्तिका कायद्याच्या आधीची होती, पण असल्या तपशिलात सुधारकाने अडकू नये.

दर्गे आणि सूफी मठ एका कलमात बंद करा. कोन्याच्या मौलाना रूमींच्या दर्ग्याचे संग्रहालय झाले. मठबंदीचा तो कायदा अजून रद्द झालेला नाही. दर्वेशांनी (सूफी फकिरांनी) गिरक्या घेतल्या तरी हरकत नाही, फक्त त्याला सांस्कृतिक कार्यक्रम म्हणायचे. अलेवी या अल्पसंख्य मुस्लिम पंथाच्या जेमघरांना, म्हणजे प्रार्थनाघरांना, मशिदीचा दर्जा देऊ नका. कर मात्र त्यांच्याकडूनही घ्या, इमामांचे पगार भागवायचे असतात.

अजान 1932 मध्ये अरबीतून तुर्की भाषेत आणली. 1941 मध्ये अरबी अजानीला तुरुंगाची शिक्षा लावली. मे 1950 मध्ये विरोधी पक्षाचे मेंदेरेस निवडून आले आणि 16 जूनला बंदी उठली. महिनाभर लागला, तोही जेमतेम.

दियानेत खाते मात्र कुणीच मोडले नाही. आयत्या तयार यंत्रावर कोण पाणी सोडेल? 1934 च्या मंत्रिमंडळ ठरावाने संग्रहालय झालेली इस्तंबूलची आयासोफिया 2020 मध्ये पुन्हा मशीद झाली. 24 जुलैच्या पहिल्या जुम्म्याला दियानेतचे अध्यक्ष हातात तलवार घेऊन मिंबरवर (प्रवचनाच्या व्यासपीठावर) चढले. रजा टाकायचा प्रश्नच नव्हता, साहेब ड्युटीवरच होते.