पावसात गाडी घसरवायला गेलो होतो. हो, मुद्दाम! 'ड्रिफ्टिंग' म्हणतात त्याला: वळणावर मागची चाकं घसरवत, तोल सांभाळत गाडी न्यायची.

आज सकाळपासून डोकं फिरलंय. रविवारी एबिसूला काढलेला चाळीस सेकंदांचा व्हिडिओ काल घरच्या ग्रुपवर टाकला. त्यावर आमच्या एका काकांचं उत्तर: "जपानला जाऊन हेच शिकलास का? टायर जाळणाऱ्या टपोरी पोरांच्या नादी लागलास." खाली सहा जणांचे अंगठे.

काका, पहिली गोष्ट, टायर जळतच नव्हते. धो धो पाऊस होता. ओल्या डांबरावर टायर जळत नाही, सरकतो.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी: एबिसू सर्किट फुकुशिमा प्रांतात निहोनमात्सुला, डोंगरात आहे. (आई: "फुकुशिमा? ते किरणोत्सर्गवालं?" प्रांत तोच गं, पण ते अणुवीज केंद्र लांब, समुद्रकिनाऱ्यावर.) शेजारी सफारी पार्क. इंजिनं थांबली की पलीकडून सिंहाची डरकाळी येते, आईशप्पथ. एकाच डोंगरावर छोटे-मोठे बरेच ट्रॅक आहेत. मोठी 'ड्रिफ्ट मात्सुरी', म्हणजे जत्राच, ती वेगळी. मी गेलो तो नुसता सरावाचा दिवस होता. बक्षीस नाही, कॅमेरे नाहीत. प्लंबर, दुकानदार, नर्स, असली माणसं आपापल्या खटारा गाड्या घेऊन आलेली.

आणि ते आजोबा.

साठीच्या पुढचे नक्की. जुनी निसान सिल्विया, एस13. पुढचा बंपर फुटलेला आणि केबल टायनी शिवलेला, अगदी गोधडीला टाके घालावेत तसा. पावसात त्यांची गाडी माझ्या डोळ्यांदेखत सात वेळा गरकन फिरली. प्रत्येक वेळी काच खाली, झेंडेवाल्या पोराला मान झुकवून माफी, आणि स्वतःशीच "मोऽ इक्काई". पुन्हा एकदा.

टपोरी म्हणे!

हे सगळं एके काळी जपानातही रात्री घाटात चोरूनच चालायचं, मान्य. 'ड्रिफ्ट किंग' म्हणतात तो केइइची त्सुचियाही घाटातच घडला. पण इथल्या लोकांनी पोरांना नुसतं झोडपलं नाही, त्यांना जागाही दिली. 2001 पासून तर डी1 ग्रां प्री ही ड्रिफ्टिंग स्पर्धांची रीतसर मालिकाच चालते. आपल्याकडे नावाजलेले ट्रॅक कुठे? चेन्नईजवळ, कोइंबतूरला, नाहीतर थेट ग्रेटर नोएडाला. सिंहगड रोडच्या पोराने जायचं कुठे? मग तो रात्री दोनला रिकाम्या रस्त्यावर हँडब्रेक ओढतो, कुणाला तरी उडवतो, आणि आपण ग्रुपवर लिहितो "फोडून काढा". रस्त्यावर करणाऱ्याला फोडाच, माझी हरकत नाही. पण पुढे काय?

पेट्रोल वाया जातं. जातं. बरं.

दुपारी आजोबांनी मला खुणेने बोलावलं, हेल्मेट हातात दिलं आणि बाजूला बसवलं. आत काचा धुक्याने भरलेल्या. आपल्या पंच्यासारखं एक पातळ फडकं होतं, त्याने ते समोरची काच पुसत होते. वळण आलं, क्लचला एक लाथ, मागचा भाग सुटला. आणि मग त्यांनी स्टिअरिंग चक्क सोडलं! ते आपलं आपण उलट्या दिशेला गरागरा फिरलं, तळव्यांतून सरकत गेलं, आणि नेमक्या जागी त्यांनी ते अलगद धरलं. ब्रेकला पाय लागलाच नाही. नजर समोर नव्हतीच, माझ्या बाजूच्या काचेतून पुढच्या वळणावर होती. वेग किती? चाळीस-पन्नास असेल. पावसात एवढ्या हळू वेगातच गाडी सुटते, म्हणून शिकायला पाऊसच बरा, असं ते म्हणाले. (मला एवढं तरी कळलं. माझं जपानी यथातथाच.)

तेव्हा मला कात्रज आठवला. पहिला पाऊस, बाबांची मारुती, मी विशीतला. पुढे ट्रक दिसला आणि मी दोन्ही पायांनी ब्रेक दाबला. चाकं जाम. स्टिअरिंग वळवतोय आणि गाडी सरळच चाललीये. कठड्याला घासून थांबलो. बाबा बाजूला बसले होते. एक शब्द बोलले नाहीत. घरी येईपर्यंत नाही आणि नंतरही नाही. मला लायसन्स देताना आठचा आकडा काढायला लावला होता. घसरलं की काय करायचं, हे कुणीही सांगितलं नव्हतं. बाबांनाही कुणी सांगितलं नसणार.

काकांवर एवढं चिडायला नको होतं कदाचित. त्यांनाही गाडी म्हणजे चार वर्षांचे हप्ते, एवढंच माहीत.

संध्याकाळी निघताना आजोबा पावसातच उकिडवे बसून बंपरला नवे केबल टाय लावत होते. आठव्यांदा फिरले होते. मी हात केला, त्यांनी पक्कड हलवली.

हे टाइप करतोय तोवर बाबांचा मेसेज आला. ग्रुपवर नाही, मला एकट्याला.

"बाजूला बसवायचे किती घेतात?"