‘शेवटी सगळं एकाच गाडीत जातं’ या मेसेजला मुद्देसूद उत्तर

बेळगाव, खानापूर, निपाणीकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतोय. थोडक्यात तो असा: कचरा वेगळा करणं म्हणजे डोक्याला नसता ताप, शेवटी सगळं एकाच गाडीत जातं आणि तुरमुरीच्या कचरा डेपोत एकाच ढिगावर पडतं. पिशव्या-डबे धुण्यात पाणी वाया जातं. त्रिकोणाची खूण असली की ते प्लास्टिक रिसायकल होतं. कागद तो कागद, सगळा रद्दीत घाला. उरलेलं बंबात जाळा. नको असलेल्या भेटवस्तू गरिबांना द्या. आणि टपालाने येणारा कागद कुणालाच थांबवता येत नाही. या सातांत पहिल्या मुद्द्यात थोडं तथ्य आहे. पाचवा मात्र घरातल्या माणसांच्या तब्येतीवर उठणारा आहे.

“सगळं एकाच गाडीत जातं.”

काही गल्ल्यांत हे खरंच घडतं. गाडीतली मधली फळी मोडलेली असते, फेरी उरकायची घाई असते, आणि दोन बादल्या एकाच कप्प्यात पालथ्या होतात. याची तक्रार जरूर करावी, कारण ओला, सुका आणि घातक कचरा घरातच वेगळा करून द्यायचा हे २०१६ च्या घनकचरा नियमांतच सांगितलं होतं आणि तो मिसळू न देणं ही नेणाऱ्याचीही जबाबदारी आहे. गाडीवर कन्नडमध्ये ‘हसि कस’ लिहिलेला कप्पा ओल्याचा, ‘ओण कस’ सुक्याचा. आपली बादली कुठे जाते ते उभं राहून बघावं आणि चुकलं तर तिथेच सांगावं.

पण गाडीत मिसळतं ते गाडीत घातलेलं. वर्तमानपत्र, पुठ्ठा, पाण्याच्या बाटल्या, पत्र्याचे डबे यांनी गाडीत जायचं कारणच नाही. त्यांचा गिऱ्हाईक भंगारवाला. तो वजनावर पैसे देतो, म्हणून माल मिसळू देत नाही. आणि घरच्या कचऱ्यातला निम्म्याच्या आसपास भाग ओला असतो. तो घरीच जिरवता आला, तर गाडीत द्यायला फारच थोडं उरतं.

ओला कचरा जिरवायला रंगाची रिकामी २० लिटरची बादली पुरते. बुडाला आणि बाजूंना ८-१० मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं पाडावीत, बादली दोन विटांवर ठेवावी, खाली ताट सरकवावं. बुडाशी चार बोटं जाडीचा सुका थर: वाळका पाला, बोटभर लांबीचं उसाचं पाचट किंवा सॉ मिलमधला भुसा. मग एक वाटी ओल्याला दोन वाट्या सुकं, या मापाने घालत जायचं. तीन-चार दिवसांनी खालवर करायचं. मूठभर घेऊन दाबलं तर पिळलेल्या फडक्याइतका ओलावा लागावा, पाणी गळता कामा नये. सडक्या अंड्यासारखा वास आला तर पाणी जास्त आणि हवा कमी झाली आहे. सुकं घालून खालवर करा. डोळ्यांना झोंबणारा अमोनियाचा वास म्हणजे ओला-हिरवा माल जास्त, त्यालाही सुकंच घालायचं. मुंग्या झाल्या तर उलट, बादली कोरडी पडली आहे. मासे, हाडं, तेलकट रस्सा यात घालू नये. खत दोन-अडीच महिन्यांत तयार होतं.

आपल्याकडे हा प्रयोग फसतो तो बहुतेक जुलैत. खानापूरकडचा पाऊस एकदा लागला की वाळका पाला मिळतच नाही, लोक नुसतं ओलं घालत राहतात आणि बादलीत अळ्या होतात. फेब्रुवारी ते मे यांच्या दरम्यान दोन पोती पाला नाहीतर पाचट भरून आडोशाला ठेवलं की पावसाळा निभतो. ते फुकट मिळतं, फक्त वेळेवर आणायला हवं.

आणखी एक. सगळ्या शहराचं एकत्र झालं तरी कुणीतरी पौरकार्मिक (सफाई कामगार) त्यात हात घालतोच. ब्लेड, फुटकी काच, इंजेक्शनची सुई पुठ्ठ्यात गुंडाळून चिकटपट्टी लावावी. सॅनिटरी पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात बांधून वर लाल पेनने मोठा ठिपका काढावा. गाडीत काय मिसळतंय याच्याशी याचा काडीचा संबंध नाही. तो हात चिरता कामा नये, एवढंच.

“डबे-पिशव्या धुण्यात पाणी वाया जातं.”

घासायला कुणीच सांगितलेलं नाही. नंदिनी असो वा गोकुळ, दुधाच्या पिशवीत पाव वाटी पाणी घालून हलवायचं, ते कुंडीत ओतायचं, पिशवी दोरीवर चिमट्याला लावायची. बाकी डब्यांना भांडी विसळलेलं शेवटचं पाणी चालतं. तेलाच्या पिशवीला पाणी लावूच नये. रात्रभर वाटीवर पालथी ठेवावी आणि सकाळी आतून चिमूटभर बेसनाने पुसावी. धुण्यापेक्षा वाळवणं महत्त्वाचं. बांधलेल्या पोत्यात दोन ओल्या पिशव्या असल्या तरी पोतंभर आंबूस वास सुटतो आणि भंगारवाला अख्खं पोतं परत करतो.

पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, लोंबता ठेवा. नखाएवढा तुकडा कुणी वेचत नाही. तो मोरीतून गटारात आणि गटारातून नाल्यात जातो.

“त्रिकोणाची खूण म्हणजे रिसायकल होतं.”

हा गैरसमज सगळ्यांत जास्त पसरलेला आहे आणि त्यात सुशिक्षित माणसंही आहेत. त्रिकोणातला आकडा फक्त प्लास्टिकची जात सांगतो. ही पद्धत अमेरिकेतल्या प्लास्टिक उद्योगाने १९८८ मध्ये सुरू केली. वस्तू पुन्हा वापरात येईलच अशी हमी त्यात नाही. १ म्हणजे पेट, पाण्याची आणि कोल्ड्रिंकची बाटली. २ म्हणजे जाड दुधी प्लास्टिक, शाम्पू-फिनेलचे डबे. ४ मऊ पिशव्या, ५ झाकणं आणि जेवणाचे डबे. या चारांना बाजारात गिऱ्हाईक असतं, माल स्वच्छ असेल तर. ३ पीव्हीसी, ६ थर्माकोल आणि पांढरे ठिसूळ कप, ७ म्हणजे बाकीचं सगळं. यांना घरगुती प्रमाणात बहुतेक ठिकाणी कुणी विचारत नाही.

आकडे मिसळले तर बिघडतं काय? पेट वितळतं २५० अंश सेल्सिअसच्या आसपास. पीव्हीसी त्याच्या कितीतरी आधी करपायला लागतं आणि आम्ल सोडतं. त्यामुळे पेटच्या घाण्यात पीव्हीसीचे थोडे तुकडे आले तरी माल पिवळा आणि ठिसूळ होतो. बाटलीत गोळ्यांचं पाकीट किंवा पाइपचा तुकडा (दोन्ही बहुधा पीव्हीसी) कोंबून देऊ नये ते याचसाठी.

आकडा पुसला गेला असेल तर तुकडा कापून साबणाचा एक थेंब घातलेल्या पाण्यात बुडवून सोडा. तरंगला तर २, ४ किंवा ५. बुडाला तर १, ३ किंवा ६ (फुगवलेला थर्माकोल मात्र तरंगतो). कारखान्यातही पाण्याच्या हौदात असंच वेगळं करतात. म्हणून बाटलीचं झाकण काढून त्याच पोत्यात टाकलं तरी चालतं, पण बाटलीवर घट्ट लावून देऊ नये. हवा अडकली की बाटली चेपत नाही आणि पोत्यात निम्मी हवाच भरते.

चिप्स-बिस्किटांची चकचकीत पाकिटं म्हणजे वेगवेगळ्या प्लास्टिकचे चिकटवलेले थर. ते सुटे करणं परवडत नाही. ती फार तर सिमेंटच्या भट्टीत इंधन म्हणून जातात आणि त्यासाठीही कोरडी लागतात. ती वेगळ्या पिशवीत सुक्या कचऱ्यात द्यावीत.

“कागद तो कागद.”

कागदाचा लगदा पाण्यात होतो. पाण्यात जे सुटत नाही ते लगदा बिघडवतं: तूप, तेल, प्लास्टिकचा पापुद्रा, सोनेरी वर्ख.

कुंद्याचा, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचा, खोका घ्या. वरचं झाकण बहुतेक वेळा कोरडं असतं, बुडाला तुपाचा डाग उतरलेला असतो. झाकण फाडून रद्दीत, बूड रद्दीत नाही. मग फाटलेल्या कडेकडे बघा. नुसता पुठ्ठा असेल तर तुकडे करून खताच्या बादलीत. कडेला पारदर्शक पापुद्रा ताणला जात असेल तर गाडीतल्या सुक्या कचऱ्यात.

लग्नपत्रिकेलाही हीच कसोटी. कोपरा फाडून बघायचा. खरखरीत तंतू दिसले तर कागद, रबरासारखी ताणली तर प्लास्टिक चढवलेलं. आतलं पान बहुतेक साधं असतं, ते काढून घ्यायचं. वरच्या गणपतीच्या चित्रामुळे पत्रिका टाकायला मन धजत नाही आणि मग गठ्ठेच्या गठ्ठे पिंपळाखाली किंवा मार्कंडेय नदीत जातात. चित्र कापून ठेवा, पुढच्या कार्यात आहेराच्या पाकिटावर चिकटवता येतं. पण प्लास्टिक चढवलेला देव नदीत विरघळत नाही. श्रद्धा मोडायची नसेल तर निदान नदी तरी बुजवू नये.

भेटवस्तूवरचा कागद मुठीत चुरगाळून सोडा. चुरगळलेलाच राहिला तर कागद, उलगडला तर प्लास्टिक. दुकानाच्या मशीनमधून येणाऱ्या गुळगुळीत बिलावर नखाने ओरखडा काढा. काळी रेघ उमटली तर तो रसायन लावलेला थर्मल कागद आहे. तो रद्दीतही नको आणि खतातही नको.

वर्तमानपत्र वेगळं बांधावं, मिसळलेल्या रद्दीपेक्षा त्याला भाव जास्त येतो. पावसाळ्यात गठ्ठा फरशीवर ठेवला तर खालून ओल धरते, म्हणून फळीवर ठेवावा. आधारच्या झेरॉक्स, बँकेची पत्रं गठ्ठ्यात जाऊ देऊ नयेत. नाव-नंबराचा भाग फाडून रात्रभर पाण्यात भिजवला की लगदा होतो, तो बादलीतल्या खतात मिसळतो.

“उरलेलं बंबात घाला.”

नाही. अजिबात नाही. न्हाणीतल्या बंबाची किंवा चुलीची आग पुरेशी तापत नाही आणि तिला हवाही पुरत नाही, त्यामुळे प्लास्टिक अर्धवट जळतं. पीव्हीसी जळताना आम्लाची वाफ आणि डायऑक्सिन निघतात, आणि न्हाणीला खिडकी हातभराचीच असते. थर्माकोलचा काळा धूर तिथेच कोंडतो. घरातली म्हातारी माणसं आणि आंघोळीला बसलेली पोरं तोच धूर ओढतात. वर ती राख परसातल्या मेथी-कोथिंबिरीला घालायची सवय आहे. नुसत्या लाकडाची राख चालते. वर्ख लावलेली पत्रिका, रंगीत फळी किंवा प्लास्टिक जळालेली राख भाजीला कधीही घालू नये.

“नको असलेल्या भेटवस्तू गरिबांना द्या.”

देण्याला कुणाचाच विरोध नाही. पण वर्षानुवर्षं माळ्यावर पडून जे बिघडलं ते देणं म्हणजे आपला कचरा दुसऱ्याच्या दारात नेऊन टाकणं. वास्तुशांतीला आलेलं चौथं भिंतीवरचं घड्याळ घ्या. सेल घालून ठेवलं तर वर्ष-दोन वर्षांत सेल पाझरतो, पितळी पट्ट्या गंजतात आणि घड्याळ संपतं. पेटी उघडल्या दिवशी सेल काढा, वॉरंटीचं कार्ड पेटीतच ठेवा, आणि महिन्याभरात विचारून द्या. विचारून, हे महत्त्वाचं. ज्याच्याकडे भिंतीला खिळा मारायला जागा नाही त्याला फ्रेम नको असते.

भंगारातही सगळं खपत नाही. मेलामाइनचा डिनर सेट पुन्हा वितळत नाही, तापवला तर करपतो. चिनी मातीचे मग आणि लेमन सेटचे ग्लास बाटल्यांच्या काचेत घालू नयेत. चिनी माती काचेच्या भट्टीत विरघळत नाही, तिचा खडा नव्या बाटलीत राहतो आणि बाटली तिथेच तडकते. ग्लासांच्या काचेची घडणही बाटलीपेक्षा वेगळी असू शकते. पॉवर बँक किंवा चार्जिंगचा पंखा असेल तर तो गाडीत कधीच टाकू नका. लिथियमची बॅटरी दाबली गेली की पेट घेऊ शकते. टोकांना चिकटपट्टी लावून ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या. तांब्या-पितळेचं मात्र निःशंक मोडीत घालावं.

संक्रांतीच्या वाणात तर नको असलेल्या वस्तूंचा पूर येतो. प्लास्टिकची चाळणी चाळीस घरांत जाते आणि त्यातल्या तीस घरांत आधीच एक असते. त्याऐवजी कागदात बांधलेली गुळाची छोटी ढेप द्यावी. आपल्या भागात गूळ चांगला मिळतो आणि तो महिन्यात संपतो. पॉलिस्टरचे खण घाम टिपत नाहीत म्हणून शिवले जात नाहीत, एका ओटीतून दुसऱ्या ओटीत फिरत राहतात. सुती खण दोन कमी दिले तरी ते अंगाला लागतात.

“टपालाचा कागद थांबवता येत नाही.”

वर्तमानपत्रात घातलेली जाहिरातीची पानं थांबवता येत नाहीत, हे मान्य. ती वेगळी काढून चकचकीत रद्दीत ठेवावीत. पण बँकेचं स्टेटमेंट शाखेत अर्ज देऊन ई-मेलवर घेता येतं. शेअर्स असतील तर डीमॅट खात्यात ई-मेल नोंदवला की कंपन्यांचे जाडजूड अहवाल छापील यायचे बंद होतात.

आपल्याकडचा खरा ढीग असतो सहकारी बँका आणि सोसायट्यांच्या वार्षिक अहवालांचा. घरात चार सभासद असले की एकाच पत्त्यावर चार प्रती येतात, ताळेबंद तोच आणि फोटोही तेच. त्यासाठी साधा अर्ज पुरतो: “आम्ही खालील चार सभासद एकाच पत्त्यावर राहतो. वार्षिक अहवालाची एकच प्रत पाठवावी. सभेची नोटीस मात्र प्रत्येकाच्या नावाने यावी.” खाली चौघांचे सभासद क्रमांक आणि चौघांच्या सह्या. एकाच्याच सहीवर बाकीच्या तिघांची प्रत सहसा कुणी बंद करत नाही. नोटिशीचं वाक्य गाळू नये, सभेला हजर राहण्याचा आणि मतदानाचा हक्क प्रत्येकाचा वेगळा असतो. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर पोच घ्यावी. अर्ज मे महिन्यातच द्यावा. सभा सप्टेंबरच्या सुमारास असतात, आणि ऑगस्टमध्ये अर्ज नेला तर तोवर पत्त्यांची लेबलं छापून झालेली असतात.