एकदा बस्तान बसू दे, मग बघू

नव्या देशात नुकत्याच गेलेल्या घरात हे वाक्य रोज कुणी ना कुणी म्हणतंच. फिरायला जाणं, मुलांशी पत्ते खेळणं, नवरा-बायकोने धड दोन शब्द बोलणं, सगळं या 'मग'वर ढकललेलं असतं. संयुक्त राष्ट्रांच्या २०२४ च्या अंदाजाप्रमाणे जन्मदेश सोडून राहणारी माणसं ३० कोटी ४० लाखांच्या घरात आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी आपापल्या भाषेत हे म्हटलं असणार, अशी माझी खात्री आहे. माझा या वाक्यावर राग आहे. बस्तान बसेपर्यंत मुलं दार लावून आपापल्या खोलीत बसायला लागलेली असतात.

वाक्य तोंडात का येतं ते कळतं म्हणा. बँकेत खातं उघडायला पत्त्याचा पुरावा हवा, आणि घर भाड्याने घ्यायला बँकेचं खातं हवं. शाळेचे फॉर्म, डॉक्टरकडे नाव घालणं, इतकी वर्षं गाडी चालवून पुन्हा लायसन्सची परीक्षा. आणि या सगळ्याच्या मागे व्हिसाची तारीख. पण दमवणारं खरं कारण कागदपत्रं नव्हेत. कालेर्वो ओबर्ग नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने १९६० साली 'कल्चर शॉक'वर लिहिताना ते नेमकं पकडलं होतं: रोजच्या वावरातल्या ओळखीच्या खुणाच नाहीशा होतात. हात कधी मिळवायचा, टिप द्यायची की नाही, कुणाचं बोलणं खरं धरायचं आणि कुणाचं नुसतं शिष्टाचाराचं. जे आजवर आपसूक व्हायचं, त्या प्रत्येक गोष्टीचा आता विचार करावा लागतो. संध्याकाळपर्यंत डोकं पार शिणतं, आणि मग ओरडा कुणाला बसतो? घरात जे असतात त्यांना. बाहेर तर आपण दिवसभर हसून बोललेलो असतो.

यात एक गंमत आहे. म्हातारपणी माणसांना आठवणी सांगायला बसवलं तर साधारण दहा ते तिशीतल्या आठवणी सगळ्यात जास्त निघतात, हे मानसशास्त्रात चांगलंच माहीत आहे. रॉबर्ट श्रॉफ आणि डेव्हिड रुबिन यांनी १९९८ च्या एका अभ्यासात हेच स्थलांतर केलेल्या वृद्धांच्या बाबतीत तपासलं. अभ्यास छोटा, माणसं मोजकी. पण जे तिशी उलटल्यावर नव्या देशात आले होते, त्यांच्या आठवणींचा ढीग देश बदलला त्या काळाभोवती सरकलेला दिसला. म्हणजे जे महिने आपण 'अजून खरं आयुष्य सुरू व्हायचंय' म्हणून कसेबसे ढकलतो, तेच कदाचित पंचाहत्तरीत नातवंडांना पुन्हापुन्हा सांगून पिडणार आहोत.

आणि त्यात सांगणार काय? लायसन्स मिळालं ते नव्हे. सामान यायचं होतं म्हणून खोक्यालाच टेबल मानून जेवत होतो ते. सगळे एकाच खोलीत गाद्या टाकून झोपायचो आणि अंधारात कुणीतरी हसायला लागलं की सगळेच सुटायचे ते. उलट्या दिशेच्या बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यापर्यंत कुणाच्याच लक्षात आलं नाही ते. एक नक्की, अशा दिवसांत घर आकसून एवढंसं होतं. न सांगता डोकावणारे शेजारी नाहीत, पाहुणे नाहीत, शनिवार-रविवार कुणाकडे जायचं नाही. त्याचा एकटेपणा खायला उठतो, खोटं कशाला बोलू. पण एरवी वीस माणसांत वाटली जाणारी आपली संध्याकाळ तेव्हा पूर्णच्या पूर्ण घरच्यांच्या वाट्याला येते. पुढे ओळखी वाढल्या की ही चैन संपते.

मुलं तर या काळात बघता बघता आपल्या पुढे निघून जातात. आमच्या लेकीची जीभ माझ्या आधी वळली. एकदा वाचनालयाच्या काउंटरवर मी काय विचारतेय ते समोरच्या बाईंना कळेना, तेव्हा हिने टाचा उंचावून त्यांना समजावून सांगितलं. परतताना मला दमही दिला, "तू घाबरलीस की भराभर बोलतेस. सावकाश बोलत जा." आईबापांचं दुभाषी व्हायला लागणं हे पोरांवर ओझंही होऊ शकतं. दवाखान्यातल्या किंवा भाडेकराराच्या बोलण्यात त्यांना मध्ये घालू नये, असं माझं ठाम मत आहे. पण वाचनालयातला तो रुबाब मी मनसोक्त बघून घेतला. तिथे लाज वाटून घेतली असती, तर तो नुसताच एक वाईट दिवस म्हणून जमा झाला असता.

फ्रेड ब्रायंट हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ चांगल्या क्षणांचा आस्वाद माणसं कशी घेतात यावर अनेक वर्षं काम करत आले आहेत. त्यांच्या मांडणीत आस्वाद वाढवणाऱ्या सवयी आहेत, तशी विरजण घालणारीही एक आहे: मजा चालू असतानाच 'हे आणखी चांगलं असायला हवं होतं' असं मनात आणणं. देश सोडलेल्या माणसाच्या विरजणाचा एकच ठरलेला प्रकार असतो. आत्ता आई इथे असती तर. कुटुंबांसोबत काम करणाऱ्या थेरपिस्ट पॉलीन बॉस यांनी 'ज्याला धड शेवट नाही असा वियोग' ही कल्पना मांडली, ती इथे चपखल बसते. माणसं आहेत, रोज फोनवर दिसतात, आणि तरी नाहीत. हा विचार दाबून मला तरी काही साधलेलं नाही. सरळ मोठ्याने म्हणते, "आई हवी होती." लेक म्हणते, "हो ना." आणि आम्ही पुन्हा पत्ते वाटतो.

फोटोंबद्दलही बोलायलाच हवं, कारण नवीन देशात आपण निम्मे क्षण मागच्या लोकांना पाठवण्यासाठीच जगतो. लिंडा हेन्केल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी २०१४ मध्ये संग्रहालयातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. ज्या वस्तूंचे फोटो काढले, त्या नुसत्या पाहिलेल्या वस्तूंपेक्षा लोकांना कमी आठवल्या. मात्र वस्तूच्या एखाद्या भागावर झूम करून फोटो काढला, तेव्हा हा तोटा दिसला नाही. तेव्हापासून मी प्रसिद्ध इमारतीसमोर सगळ्यांना रांगेत उभं करणं सोडलं. एकच फोटो काढते, तोही लेकीच्या सुटलेल्या नाडीचा वगैरे. नवरा म्हणतो, हे कोण बघणार.

आता कुणीतरी म्हणेल, दोन पाळ्यांत राबणाऱ्याला किंवा कामाचा परवाना नाही म्हणून घरात अडकलेल्या बायकोला हे क्षणबिण सांगणं म्हणजे थट्टा आहे. बरोबर आहे. 'जे मिळालंय त्यात समाधान माना'वाल्या उपदेशाचा मलाही वीट आहे. क्षण जपून परवाना मिळत नाही. मी फक्त त्या दहा मिनिटांबद्दल बोलतेय जी तशीही जाणारच आहेत, शाळेच्या बसपर्यंत चालत जायची.

ब्रायंट यांच्या यादीत आस्वाद वाढवणारी एक सवय आहे दुसऱ्याला सांगण्याची, आणि नेमके तिथेच आपण कंजूष. फोनवर आई विचारते, "काय विशेष?" आपण म्हणतो, "काही नाही गं, चाललंय." मी वाचनालयाची गोष्ट मात्र तिला सविस्तर सांगितली. ती म्हणाली, "बरं झालं, कुणाचं तरी ऐकतेस." त्यानंतर तिने ती सगळ्या नातेवाइकांना सांगितली, आणि दर वेळी ती थोडी वाढतेय. सध्या चालू असलेल्या आवृत्तीत मी काउंटरवर रडतेसुद्धा.