जावईबापू, आकडा हलत नाहीये

बायकोच्या मामांना ओव्हनसमोर खुर्ची कुणी आणून दिली, याची चौकशी घरात अजून चालू आहे. मी दिली नाही. बायको म्हणते तिनेही दिली नाही. मुलगी म्हणते आजोबांनी स्वतःच ओढून घेतली. ते काही असो, काल दुपारी तीनच्या सुमारास मी स्वयंपाकघरात गेलो, तर मामा ओव्हनच्या काचेपासून हातभर अंतरावर ठाण मांडून बसलेले. चष्मा कपाळावर, हातात पेन, मांडीवर लग्नपत्रिकेचं जुनं पाकीट. पाकिटाच्या पाठकोऱ्या बाजूवर रकाने आखलेले.

मामांची सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली, हे इथेच सांगितलेलं बरं.

बाकी तयारी सांगण्यासारखी नाही. बीफचा अडीच किलोचा, खांद्याचा, बिनहाडाचा तुकडा. आदल्या रात्री मीठ चोळून फ्रिजमध्ये उघडाच ठेवलेला. दुपारी बाराला १२० अंशांवर आत, रात्री आठला पानं. मधल्या वेळात काही करायचं नसतं आणि सगळी गोची तिथंच आहे. फोडणीला उभा असलेला माणूस कामात असतो. ओव्हन लावून बसलेला माणूस घरातल्यांच्या लेखी रिकामा असतो. “तू तसाही ओव्हनच करतोयस ना, मग जरा...” या वाक्यापुढे काल मला पडद्याची दांडी बसवणं, बाथरूमचा बल्ब बदलणं आणि माळ्यावरची मोठी परात काढणं अशी कामं जोडून मिळाली. परात कुणीच वापरली नाही. ती आज मीच परत वर ठेवली.

तर मामा. मी आत गेल्याचं त्यांना पावलांवरून कळलं असावं, कारण मान न वळवता ते म्हणाले, “जावईबापू, आकडा हलत नाहीये.”

मांसात थर्मामीटरची सळई खुपसलेली असते. तिची वायर दाराच्या फटीतून बाहेर येते आणि बाहेरच्या डबीवर आतल्या मांसाचं तापमान दिसतं. डबीवर ६८ होते.

“हलेल, मामा.”

“दोन पंचावन्नला ६८. तीन पाचला ६८. आत्ता तीन पंधरा, ६८.” त्यांनी रकान्यावरून पेन खाली आणलं. “मध्ये एकदा ६७ झाले होते. मी नोंद घेतलीये. म्हणजे उलट मागं गेलं.”

“होतं असं कधी कधी.”

“असं कसं होतं? ओव्हन किती आहे?”

“१२०.”

“आणि मांस?”

“६८.”

“आत वीज चाललीये. मीटर पळतोय. बरोबर? मग ती उष्णता जाते कुठं?”

माझं दुर्दैव असं की प्रश्न शंभर टक्के रास्त होता. मंद आचेवर मोठा तुकडा भाजणाऱ्या प्रत्येकाला हा घाट लागतो. सुरुवातीचे दोन-तीन तास आकडा भराभर चढतो, आपण खूश होऊन पाहुण्यांना वेळ कळवतो, आणि पासष्ट ते पंचाहत्तरच्या मध्ये कुठंतरी तो जो बसकण मारतो तो तास-दोन तास उठत नाही. पूर्वी लोकांना वाटायचं की ही सगळी उष्णता मांसातल्या चिवट धाग्यांना विरघळवण्यात खर्च होते. ऐकायला ते छान वाटतं, पण तेवढ्याला इतकी उष्णता लागतच नाही. खरं कारण फार साधं आहे. मी ते साधेपणानंच सांगायला गेलो.

“घामात जाते.”

मामांनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला. “कुणाच्या?”

“मांसाच्या.”

“जावईबापू,” ते अत्यंत हळुवारपणे म्हणाले, “ते जनावर मेलेलं आहे.”

मी ओट्याला टेकून सगळं उलगडून सांगितलं. मांस तापलं की आक्रसतं, आतलं पाणी पिळून बाहेर येतं, पृष्ठभागावर त्याची वाफ होते. वाफ व्हायला उष्णता लागते. ओव्हन जेवढी देतो, तेवढी वाफ घेऊन जाते, म्हणून शिल्लक शून्य. वरचा थर सुकत आला, वाफ कमी झाली, की आकडा आपोआप वर सरकतो. आपल्यालाही घाम येतो तेव्हा अंग गार पडतं, तेच हे.

“किती वेळानं सरकतो?”

“तास लागेल. दोनही लागतील.”

“हे लेखी कुठं आहे?”

“लेखी म्हणजे...”

“म्हणजे खर्च दिसतोय, जमा दिसत नाहीये, आणि तुम्ही म्हणताय फरक हवेत गेला.” त्यांनी पेनाला टोपण लावलं. “उभ्या नोकरीत हे उत्तर मला पुष्कळांनी दिलं. त्यातले दोघं निलंबित झाले.”

एवढं बोलून त्यांनी दार उघडलं. प्रत्यक्ष पडताळणी. गरम वाफेचा झोत त्यांच्या चष्म्यावर आला, काचा पांढऱ्या झाल्या, आणि काही दिसत नसताना ते तसेच वाकून उभे राहिले. दार सताड उघडं. मी “मामा, दार, दार” म्हणत होतो आणि ते “थांबा, काचा पुसू द्या” म्हणत होते. ओव्हनमधली तापलेली हवा दार उघडताच क्षणात बाहेर पडते. भिंती आणि पातेलं तापलेलं असतं म्हणून तो परत सावरतो, पण त्याला वेळ लागतो. एकदा उघडलं तर आभाळ कोसळत नाही. पण दर दहा मिनिटांनी उघडायचं ठरवलं, तर १२० हा आकडा फक्त बटणावर उरतो. हेही मी सांगितलं. मामांनी ते मान्य केलं आणि पाकिटावर ‘दार उघडले’ असा नवा रकाना आखला. प्रत्येक वेळी ते त्यात प्रामाणिकपणे खूण करत होते. स्वतःचा गुन्हा स्वतःच्या अक्षरात नोंदवणाऱ्या माणसावर ओरडायचं कसं, तेही त्याच्या भाचीशी लग्न केलेलं असताना?

मधूनच मामी डोकावल्या. “आधी चहूबाजूंनी भाजून घेतलं नाहीत का? मग गेला सगळा रस.” हा समज पसरवण्याचं श्रेय युस्टुस फॉन लीबिग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला जातं. १८४७ मध्ये त्यानं लिहून ठेवलं की मांस आधी कडक आचेवर भाजलं तर वरचा थर घट्ट होतो आणि रस आत कोंडला जातो. विसाव्या शतकात लोकांनी वजनं करून पाहिलं, रस कोंडला वगैरे काही जात नाही. भाजल्यानं चव येते आणि रंग येतो, आणि ते शेवटी केलं तरी चालतं. मी शेवटीच करणार होतो. पण मामी उत्तरासाठी थांबल्या नव्हत्या.

“कुकरला लावलं असतं तर?” मामांनी विचारलं.

लावता आलं असतं. कुकरमध्ये दाबामुळे पाणी सुमारे १२० अंशांना उकळतं आणि तासाभरात तोच खांदा मऊ पडतो. मी नाही म्हणत नाही. पण वर जो काळसर, खारट, कुरकुरीत पापुद्रा धरतो तो कुकरच्या वाफेत धरत नाही, आणि मला तोच हवा होता. हे पटवत असताना मामांच्या मनातली खरी सल बाहेर आली. “कुकर निदान शिट्टी देतो हो,” ते म्हणाले. “हा बोलतच नाही.”

इथं मला त्यांचं थोडं पटलं, आणि राग सगळा पाककृती लिहिणाऱ्यांवर गेला. ‘मऊ होईपर्यंत शिजवा.’ अरे, मऊ केव्हा होतं तेच तर विचारायला आलोय! ‘तयारीचा वेळ १० मिनिटं, एकूण वेळ ३ तास’ लिहिणाऱ्यानं कुठला तुकडा शिजवला, केवढा, कुठल्या ओव्हनमध्ये? घरगुती ओव्हनचं बटण आणि आतलं खरं तापमान यांत दहा-वीस अंशांची तफावत सर्रास असते. खांदा हा जनावराचा राबणारा स्नायू, त्याला बांधून ठेवणारं कोलॅजन, म्हणजे तेच चिवट धागे, भरपूर. साठ-पासष्टला ते आक्रसतं, म्हणजे त्या टप्प्यावर मांस कच्च्याहूनही चिवट लागतं. सत्तरच्या पुढं ते सावकाश जिलेटिन होऊ लागतं आणि नव्वदच्या वर काटा लोण्यात जावा तसा आत जातो. मधल्या टप्प्यात घाबरून बाहेर काढणारे हजारो लोक ‘माझा ओव्हन खराब आहे’ म्हणत मरत असतील. ३ तास लिहिणाऱ्याला त्याचं काही नाही. तो पुढच्या केकला लागलेला असतो.

याबाबतीत सगळ्यात भाग्यवान माणूस म्हणजे काउंट रम्फर्ड. तोफांची नळी कोरताना निघणारी उष्णता मोजून, उष्णता म्हणजे गती आहे असं १७९८ मध्ये रॉयल सोसायटीला सांगणारा हाच तो. त्यानं एकदा मेंढीचा खांदा बटाटे वाळवायच्या यंत्रात मंद उष्णतेवर ठेवून पाहिला. तीन तास लक्ष ठेवलं, मांस शिजेना. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण कंटाळून नाद सोडला. स्वयंपाकघरातल्या बायकांनी विचार केला, राहू दे रात्रभर तिथंच. सकाळी बघतात तर खांदा उत्तम शिजलेला आणि चवीला अप्रतिम. रम्फर्डनं मोठेपणानं हे सगळं लिहून ठेवलं. मला त्याचा हेवा वाटतो तो वेगळ्याच कारणासाठी. त्यानं नाद सोडल्यावर त्या यंत्रासमोर कुणी खुर्ची टाकली नाही.

माझ्या नशिबी बाथरूमचा बल्ब होता. स्टुलावर चढलो, उतरलो, परत आलो तर ओव्हनचं बटण १८० वर.

“एक बारीकशी दुरुस्ती केली,” मामा म्हणाले. “आणि हे बघा.”

डबीवर ७२ होते.

“हलला,” मामा म्हणाले.

आता यावर मी काय बोलणार होतो? तो हलणारच होता. सव्वा तास झाला होता, वरचा थर सुकला होता, त्याची वेळ आलीच होती. पण हे सिद्ध कसं करायचं? बटण फिरवलं नसतं तर काय झालं असतं हे दाखवायला दुसरा ओव्हन, दुसरा खांदा आणि दुसरे मामा लागले असते. मी निमूटपणे बटण खाली आणलं, तुकडा फॉइलमध्ये घट्ट गुंडाळला, म्हणजे वाफ कोंडते आणि घाम थांबतो, आणि कोपऱ्यात उभा राहिलो. बसायला खुर्ची नव्हती.

सातला ९३. बाहेर काढलं, अर्धा तास झाकून ठेवलं, जेवायच्या तोंडावर ओव्हन कडक तापवून पापुद्रा करून घेतला, धाग्यांच्या आडवं कापलं. झालं होतं. खोटं कशाला बोलू, फार सुरेख झालं होतं. एका कडेला दोन बोटं रुंदीचा भाग चामड्याकडे झुकला होता, आणि १८० अंशांची ती दुरुस्ती कुठं गेली हे मला त्यात स्पष्ट दिसत होतं. तो भाग मी माझ्या पानात घेतला. कुणाला काही दिसायला नको. हाही माझाच समजूतदारपणा.

पहिल्या घासाला सगळे गप्प झाले. दुसऱ्याला मामींनी विचारलं, “इतकं मऊ कसं काय झालं हो?” विचारलं मामांना.

मामांनी हात पुसले आणि खिशातून पाकीट काढलं. “गंमत अशी आहे,” त्यांनी टेबलाभोवती एक नजर टाकली, “की मांसाला घाम येतो.”

कुणीही म्हणालं नाही की जनावर मेलेलं आहे. सगळे ऐकत होते. पाणी सुटतं, वाफ होते, उष्णता तिच्याबरोबर जाते, शिल्लक शून्य. माझे शब्द, माझा क्रम, माणसाच्या अंगाचा दाखलाही माझाच. फक्त शेवट त्यांचा होता. “अशा वेळी अनुभवी माणूस लागतो. ओळखून थोडं वाढवायचं.” माझ्या मुलीनं टाळ्या वाजवल्या. मी बायकोकडे पाहिलं. तिनं डोळ्यांनीच ‘असू दे’ केलं. हे ‘असू दे’ गेली कित्येक वर्षं माझ्याच खात्यावर पडतंय.

“जावईबापूंनीही सहकार्य केलं,” मामा म्हणाले. तशी नोंद होती.

आज सकाळी बायकोच्या मावशीचा फोन आला. येत्या रविवारी त्यांच्याकडे तसाच रोस्ट आहे, सकाळपासून मामा जातीनं देखरेख करणार आहेत. आम्हाला बोलावणं आहे, पण जेवायच्या वेळेला. माझा थर्मामीटर मात्र आधी पाठवायचा आहे, मामांना त्याची सवय झालीये म्हणे.

पाठवतोय. आतला सेल काढून.