आधी सूप हातात घ्या, रडणं नंतर

दिवाळी झाली की मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, सुरू होते, मंडईमागून शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि पट म्हटला की रात्रीचं नाटक आलंच. भंडारा, गोंदिया, गडचिरोली, चंद्रपूर या झाडीपट्टीत होळीपर्यंत हा हंगाम चालतो. गडचिरोलीतल्या वडशाला नाटक कंपन्यांकडे तारखा ठरतात, रात्री दहाच्या सुमारास उघडलेला पडदा पहाटेच पडतो. आता याच गावांतली पोरं-पोरी अभिनयाच्या शिबिरांना जाऊ लागली आहेत, आणि ते व्हायलाच पाहिजे होतं. पण बरेच जण शिबिरातून एकच वाक्य घेऊन येतात : 'आतून फील करायचं.' मग डोळे मिटून आजीचं मरण आठवायचं, मान खाली, आवाज पोटात. पंधराव्या रांगेतल्या बाईला चेहरा दिसत नाही आणि शब्दही कळत नाही. वर ठपका तिच्यावरच, की आपल्या प्रेक्षकाला सूक्ष्म अभिनय कळत नाही. हे साफ चूक आहे. आणि त्यासाठी रशियन दिग्दर्शक आणि अभिनयाचा मास्तर स्तानिस्लाव्हस्की याचं नाव पुढे केलं जातं, ते तर अजिबात पटत नाही.

स्तानिस्लाव्हस्की (1863–1938) आणि नाटककार नेमिरोविच-दान्चेन्को 1897 च्या जूनमध्ये मॉस्कोच्या एका हॉटेलात बसले आणि सुमारे अठरा तास बोलत राहिले. त्यातून 1898 साली मॉस्को आर्ट थिएटर उभं राहिलं आणि त्याच वर्षी चेखवचं 'सीगल' हे नाटक तिथे गाजलं. पुढची चाळीस वर्षं हा माणूस स्वतःचीच पद्धत मोडून पुन्हा बांधत होता. जुनी भावना आठवून रंगमंचावर आणायची, हा त्याचा सुरुवातीच्या काळातला एक प्रयोग. त्यातला धोका त्यालाच कळला : भावना हुकुमावर येत नाही, आणि ओढून आणली तर नट ताठरतो, समोरच्याचं ऐकायचं विसरतो.

तरीही जगभर तोच भाग का पसरला? कारण पुस्तकं तुकड्यातुकड्यांनी आली. इंग्रजीत पहिलं पुस्तक 1936 मध्ये निघालं, ते मनाच्या तयारीचं. आवाज, उच्चार, चाल, लय यांचं दुसरं पुस्तक यायला 1949 उजाडलं. मधली तेरा वर्षं लोक अर्ध्यावरच शिकले आणि अर्ध्यावरच शिकवू लागले. के. नारायण काळे यांच्या अनुवादामुळे पहिलं पुस्तक मराठीतही आहे, पण शिबिरात त्यातलीही दोन-चार पानंच फिरतात.

अमेरिकेत यावरून मोठा वाद झाला. अभिनय-शिक्षक ली स्ट्रासबर्ग भावनिक स्मृतीवर, म्हणजे जुनी भावना आठवण्यावरच, जोर देत होते. अभिनेत्री स्टेला अ‍ॅडलर 1934 मध्ये पॅरिसला जाऊन खुद्द स्तानिस्लाव्हस्कीपाशी काही आठवडे शिकल्या आणि परत येऊन सहकाऱ्यांना सांगितलं की भर चुकीच्या जागी दिला जातोय. नाटकातली परिस्थिती आणि तिच्यातून निघणारी कृती आधी येते. स्ट्रासबर्ग यांना ते मान्य झालं नाही. आपल्याकडे 'मेथड' म्हणून जे येतं ते बहुतेक स्ट्रासबर्ग यांच्या घराण्याचं. कॅमेरा नाकापुढे असला की ते चालतं. उघड्या मंडपात, थंडीत, लटकत्या माइकखाली ते उभं राहत नाही.

शेवटच्या वर्षांत स्तानिस्लाव्हस्कीने मोलिएरच्या 'तार्तुफ' या नाटकाची तालीम सुरू केली, तेव्हा नटांना संवाद पाठ करायलाच मनाई होती. आधी कोण काय करतंय, ते शरीराने शोधा. हीच शारीरिक क्रियांची पद्धत, आणि आपल्या मंडळांना सगळ्यात जास्त उपयोगाची आहे ती हीच.

एक प्रवेश घेऊ. बाप धान विकून घरी आलाय. पैसे ठरल्यापेक्षा कमी मिळाले, पोरीचं लग्न पंधरा दिवसांवर. माय सुपात तांदूळ पाखडते आहे. नेहमीची तालीम म्हणजे बाप मधोमध उभा, कपाळावर हात, गळा दाटलेला, आणि पेटीवाला आधीच करुण सूर धरून बसलेला. आता हेच दुसऱ्या बाजूने करून बघा. बापाला काय पाहिजे? बायकोने विचारायच्या आत वेळ काढायचा आहे. तो काय-काय करेल? चपला दाराबाहेर काढेल, एरवी आत काढतो तरी. दुपट्टा खुंटीला अडकवेल. गुंडातलं, म्हणजे पाण्याच्या भांड्यातलं, पाणी घेऊन पाय धुवेल, आणि धुतलेलेच पाय परत धुवेल. पैशाची पिशवी आधी हातात, मग काखेत, मग कोठीवर. माय काही विचारत नाही, सूप चालू आहे. पिशवी कोठीवर टेकते आणि सूप थांबतं.

बस. तिथे पेटीही नको. तीन मोजेपर्यंत सगळं शांत. माय बघते, बाप पाठमोरा. मग पहिलं वाक्य. बापाच्या नटाला रडायला कोणी सांगितलेलं नसतं, पण तोपर्यंत त्याचा गळा खरंच भरून येतो, कारण तो पाच मिनिटं काहीतरी लपवत होता. शेवटच्या रांगेलाही हे कळतं, कारण थांबलेलं सूप सगळ्यांना दिसतं.

दहा मिनिटांच्या प्रवेशाचे असे पाच-सहा तुकडे पडतात. तुकडा तिथे बदलतो जिथे कोणालातरी नवीन काही पाहिजे असतं, भावना बदलली म्हणून नाही. प्रत्येक तुकड्याला एक क्रियापद द्या : टाळतो, चाचपतो, दटावतो, मनधरणी करतो. 'दुःखी होतो' हे क्रियापद धरू नका, ते करून दाखवता येत नाही. पहिल्या संध्याकाळी फक्त वाचन आणि तुकडे. दुसऱ्या संध्याकाळी संहिता बाजूला, आपल्या बोलीत, सुचेल ते बोलत प्रवेश करायचा. तिसऱ्या संध्याकाळी लेखकाचे शब्द. तोवर निम्मे आपोआप पाठ झालेले असतात. चौथी संध्याकाळ खऱ्या वस्तूंसह. खोट्या सुपाने पाखडता येत नाही, आणि रिकामी पिशवी हातात जड वाटत नाही, म्हणून तिच्यात काहीतरी भरा. सूप मात्र माइकपासून चार-पाच हात दूर ठेवा, नाहीतर ती सळसळ भोंग्यातून इतकी मोठी येते की वाक्य बुडतं.

आवाजाचं वेगळं सांगतो, कारण घात इथेच होतो. मराठीत क्रियापद शेवटी आणि 'नाही' त्याच्याही मागे. 'मी वावर विकणार नाही' असं नट जोरात सुरू करतो, 'विकणार'पर्यंत श्वास संपतो आणि 'नाही' घशात जातं. मागच्या रांगेने ऐकलं, बाप वावर विकणार! पुढचा सगळा प्रवेश तिच्यासाठी उलटा झाला. उपाय सोपा आहे : 'वावर'नंतर छोटा श्वास, आणि जोर 'नाही'वर. एक माणूस साठ-सत्तर फुटांवर उभा करा. त्याने प्रत्येक वाक्याचा फक्त शेवटचा शब्द परत म्हणायचा. अर्ध्या तासात कोणाचं काय गळतंय ते कळतं. ओरडून हे सुटत नाही. दव पडायला लागलं की ओरडणारा गळा मध्यरात्रीच बसतो, आणि पहाटेपर्यंतचं नाटक बाकी असतं.

शिबिरात दुसरं नाव येतं ते जर्मन नाटककार ब्रेख्तचं, त्याच्याबद्दल थोडक्यात. रस्त्यावर अपघात पाहिलेला माणूस बघ्यांना तो करून दाखवतो, ड्रायव्हर असा होता, म्हातारा असा चालत होता, आणि दाखवताना स्वतः ड्रायव्हर होत नाही. हा ब्रेख्तचा नमुना. आपल्या खडी गंमत या लोकनाट्यात नट कृष्ण असतो आणि दुसऱ्या क्षणी तबलजीशी बोलतो, ती ताकद याच जातीची. शिबिरात ब्रेख्त शिकवायचाच असेल तर फळ्यावर व्याख्या लिहिण्याआधी गावातला गंमतवाला बोलवा.

पण आपल्यासाठी सगळ्यात मोठा मास्तर शेजारचा आहे. गोंदियाहून गाडी डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग करत रायपूरला जाते. त्या रायपूरचे नाटककार-दिग्दर्शक हबीब तनवीर (1923–2009). लंडनच्या 'राडा' या नाट्यशाळेत शिकले, 1956 मध्ये बर्लिनला जाऊन ब्रेख्तची नाटकं पाहिली, 1959 मध्ये 'नया थिएटर' काढलं. छत्तीसगडच्या 'नाचा' या लोकनाट्याचे कलावंत त्यांनी सोबत घेतले, पण बरीच वर्षं काम मनासारखं होईना. हजारोंचं मैदान हलवणारा नट तालमीत लाकडासारखा का होतो? तनवीर यांनी दोष स्वतःकडे घेतला. एक, ते नटांकडून हिंदी बोलून घेत होते. दोन, इथून उजवीकडे, तिथून डावीकडे अशा ठरवून दिलेल्या हालचालींत त्यांना बांधत होते. तीन बाजूंनी बसलेल्या लोकांत वाढलेला नट या बांधणीत गुदमरतो. 1973 च्या रायपूरच्या कार्यशाळेपर्यंत दोन्ही सुटलं. नट छत्तीसगडीत बोलू लागले, हालचाल तालमीत शोधून मग पक्की होऊ लागली. 1975 मध्ये त्यांचं 'चरणदास चोर' आलं आणि 1982 मध्ये एडिनबरोच्या नाट्यमहोत्सवात त्याने 'फ्रिंज फर्स्ट' हा पुरस्कार मिळवला, छत्तीसगडी बोलतच.

म्हणून शिबिरवाल्यांना हात जोडून सांगणं आहे, पहिल्याच दिवशी पोरांची जीभ कापू नका. झाडीत 'डोळा'चा 'डोरा' होतो, वऱ्हाडात 'डोया'. 'अशुद्ध' म्हणून हे पुसलं की पोरगं बोलण्याआधी मनात भाषांतर करतं, अर्धा सेकंद उशिरा उत्तर देतं, आणि तो अर्धा सेकंद प्रेक्षकाला खोटा वाटतो. प्रमाण भाषा शिकवा, जरूर शिकवा, पण पात्राला लागते तेव्हा. यवतमाळच्या पारव्यात जन्मलेल्या महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये मुंबईहून आलेल्या सुधीरची भाषा आणि वाड्यातल्या माणसांची भाषा यांतलं अंतर हाच नाटकाचा अर्धा जीव आहे. सगळ्यांना एकाच छापाचं बोलायला लावलं तर तो कळणार कसा?

यंदा कोणाच्या गावात शिबिर ठरत असेल तर आयोजकांकडे एवढं मागा : निदान एक सत्र हॉलमध्ये नको. रात्री नऊनंतर, मंडपात, माइक लटकवून, समोर गावातली वीस-पंचवीस माणसं बसवून घ्या. सूप, पिशवी आणि पाण्याने भरलेला गुंड आधीच मांडून ठेवा.