रात्री दोनचं पाणी, सासूबाईंची हाक आणि तुमची कमेंट

ताई, नमस्कार. तुमची कमेंट वाचली, मग परत वाचली, आणि उत्तर टाइप करायला बसले तर ते एवढं वाढत गेलं की शेवटी म्हटलं वेगळंच टाकूया. ज्यांनी मागचा लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आमच्याकडं सोलापुरात नळाला चार-पाच दिवसांआड पाणी येतं आणि आमच्या भागात ते रात्री येतं, तर अशाच एका रात्री मी मोटर लावून पिंप भरत होते आणि आतून सासूबाईंनी हाक मारली. त्यांना हल्ली फारसं काही आठवत नाही. तेव्हा पाणी सोडून त्यांच्याजवळ जाऊन बसावं असं आतून आलं, आणि देवाचं ऐकणं म्हणजे हेच असावं असं मला वाटलं, असं मी लिहिलं होतं. त्यावर तुम्ही लिहिलंत, "तुम्हाला त्यात देव ऐकू आला, मला त्यात एक दमलेली सून दिसली." पुढं असंही की हा आवाज आपल्याच मनाचा असतो, आपण त्याला देवाचं नाव देतो, आणि 'देवावर भरवसा ठेव' हे वाक्य घरोघरी बाईला गप्प बसवायलाच वापरतात.

दमलेली सून तर होतेच की. ते मी कुठं नाकारलं? पाय दुखत होते, सकाळी डबे होते, मिस्टर घोरत होते (हा मुद्दा पुढं येतोय).

आता मनाच्या आवाजाचं. माझ्या मनाचा आवाज मला चांगला ओळखू येतो, कारण तो कायम वकिलासारखा माझीच बाजू मांडत असतो. त्या रात्री तो म्हणत होता, मोठ्या जाऊबाई कधी उठल्या का, तूच का, हाक ऐकू आली नाही असं दाखव, पाणी गेलं तर चार दिवस सगळे तुलाच बोलतील. मुद्दे सगळे बरोबर होते बरं का, एकपण खोटा नव्हता. दुसरं जे काही असतं ते मुद्दे मांडत बसत नाही, ते एक छोटं काम सांगतं, आत्ताचं, आणि बहुतेक वेळा मला नको असलेलं. बस एवढंच. आकाशवाणी वगैरे काही नसतं, मी तसं कधी म्हटलेलं नाही.

पण इथं एक गोची आहे आणि ती तुमच्या कमेंटमध्ये नीट पकडली गेलीय. लहानपणापासून आपल्या डोक्यात भरलेला गिल्ट पण अगदी असाच बोलतो, ऊठ, कर, तू नाही केलंस तर कोण करणार. मग हा देव का तो गिल्ट? मी बघते ते असं की गिल्टला लोकांची भीती असते. कुणाला कळणारच नाही असं समजलं की तो निम्मा गार पडतो. आणि काम केलं तरी त्याचं पोट भरत नाही, अजून कर म्हणतो. त्या रात्री सासूबाई झोपल्यावर मी पण आडवी झाले ती थेट सकाळी उठले, पिंप अर्धंच राहिलं होतं आणि मला त्याचं काही वाटलं नाही. शिवाय एकटीनं ठरवायचंच नाही असं मी ठेवलंय. आमच्या भजनी मंडळात एक म्हाताऱ्या आजी आहेत, त्यांना विचारते. त्या फटकळ आहेत. एकदा मी असंच काहीतरी 'देवाच्या मनात आहे' म्हणून सांगायला गेले तर म्हणाल्या, "हा देव नव्हं गं बाई, ही तुझी सासू बोलाय लागलीय." यावर काय बोलणार!

गप्प बसवण्याबद्दल मात्र मला तुमच्याशी भांडायचंय, कारण माझ्या घरात नेमकं उलटं झालंय. पोरीला बारावीनंतर पुण्याला जायचं होतं. दीर नको म्हणाले, इथं कॉलेजं काय कमी आहेत का, खर्च, काळजी, सगळं. माझं मन म्हणालं जाऊ दे, घरात कटकट नको, देव बघून घेईल. बघा हं, 'देव बघून घेईल' हे इथं माझं मन म्हणत होतं, कारण ते सोपं होतं! आणि आत जे टोचत होतं ते म्हणत होतं की आज जेवताना बोल. बोलले. आवाज कापत होता, भाकरी ताटात तशीच राहिली, दीर दोन आठवडे नीट बोलले नाहीत. पोरगी गेली पुण्याला. तिचं पुढं भलं होईल याची कुणी मला चिठ्ठी दिलेली नाही आणि भरवसा म्हणजे ती चिठ्ठी असंही मी मानत नाही. माहीत नसताना पुढचं एक काम करणं, एवढाच माझा भरवसा.

आणि आपल्या जिल्ह्यातली भक्ती गप्प बसणाऱ्यांची कधी होती सांगा? मंगळवेढ्याची कान्होपात्रा, बिदरच्या बादशहाचं बोलावणं आलं तर गेली नाही, विठ्ठलाच्या पायावर जीव सोडला पण गेली नाही असं सांगतात. चोखोबा मंगळवेढ्याचेच, तिथंच गावकुसाचं काम करताना भिंत कोसळून १३३८ साली गेले. त्यांनी देवाला केवढ्या तक्रारी केल्यात, मला हा जन्म का दिलास इथपर्यंत. भरवसा होता म्हणूनच तोंडावर विचारलं ना? ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्याशी आपण भांडतो तरी का? सावता माळी अरणचे, आपल्या माढा तालुक्यातले, ते तर पंढरपूरला गेलेच नाहीत म्हणतात, मळ्यातच देव बघितला, आणि आता विठ्ठलाचीच पालखी पंढरपूरहून अरणला जाते. म्हणजे घरचं, शेतातलं काम टाकून देव शोधायला पळा असं या मातीत कुणी सांगितलं नाही, आणि कुणी मान खाली घाल म्हणाला तर घाल असंही सांगितलं नाही.

आता पुंडलिक. ही गोष्ट सगळ्यांना पाठ आहे, आईबापाची सेवा चालली होती, देव दारात आला, यानं वीट फेकली आणि थांब म्हणाला, देव थांबला. पंढरपूर इथून जवळ, आम्ही लहानपणापासून ऐकतोय. पण तुमची कमेंट वाचून मला एकदम वाटलं की अरे, यात पाय चेपणारा मुलगा आहे! सून नाही! एवढी कीर्तनं ऐकली, एवढ्या वाऱ्या दारावरून गेल्या, पण हे मोठ्यानं म्हणणारा मला तरी कुणी भेटला नाही. आमच्याकडं पुंडलिकाचं नाव घेऊन कौतुक मुलाचं होतं आणि काम सुनेला लागतं. तर तुमच्या कमेंटचा एक उपयोग असा झाला की हेच मी मिस्टरांना जेवताना ऐकवलं. ते आधी हसले, मग म्हणाले कारखान्यात दिवसभर उभं असतो. मी म्हटलं पुंडलिकानं पण देवाला कारण सांगितलं होतं, आईला नाही. आता पाण्याच्या रात्री पिंप मी भरते आणि आईजवळ ते असतात. आई त्यांना कधी कधी स्वतःचा भाऊ समजते, आणि हे बी काय कमी नाहीत, भाऊ होऊन माहेरच्या गप्पा मारतात. डॉक्टर, गोळ्या, महिन्याची तपासणी चालूच आहे, ती कुणी देवावर सोडलेली नाही, हे पण सांगून ठेवते कारण खाली एका दादांनी तसा टोमणा मारलाय.

राहिला तुमचा शेवटचा प्रश्न, ज्यांची लेकरं दवाखान्यातनं घरी आली नाहीत त्यांचा भरवसा काय कमी होता का. नव्हता. याच्यापुढं मला काही सांगता येत नाही आणि सांगता येतं म्हणणाऱ्यांच्या प्रवचनाला मी बसत नाही. आमच्या गल्लीत एक आई आहे, तिचं पोरगं तापानं गेलं. कुणी तिला 'देवाची इच्छा' म्हणून समजवायला लागलं की मला चीड येते. तिनं एकादशी सोडली, देवघर कापडानं झाकलं, मी त्यावर एक अक्षर बोलत नाही. ती बोलते ते ऐकते, भांडी पडलेली असली तर घासते. परवा म्हणाली चटणीला शेंगा भाजायच्यात, एकटीला नको वाटतंय, येशील का. शुक्रवारी तिकडंच आहे, त्यामुळं या उत्तरावर तुम्ही काही लिहिलंत तर माझा रिप्लाय शनिवारनंतर येईल, तोवर राग मानू नका.